आईने आत्याला पाडलं

मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश झाला आणि वडिलांचं ऑफिस भोपाळला निघालं. तिथल्या क्वार्टरमध्ये चुलीची सोय नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी निघण्याआधीच इथल्या टावर चौकातून पितळी स्टोव्ह आणला. आई त्याला हातच लावेना. आमच्याकडेच राहणारी विधवा आत्या, वडिलांची थोरली बहीण, मात्र बघता बघता त्यात तरबेज झाली. पिन मारणं, वायसर बदलणं, सगळं तीच करी. "इसमें डरने का क्या है?" असं शेजारणीलाही ऐटीत सांगे.

त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होते. डाळ अर्धवट शिजलेली असताना स्टोव्ह फुरफुरत विझला. घासलेट संपलं होतं. आत्याने लगेच झाकण उघडून बाटली तिरपी केली.

"वन्सं, जरा निवू द्या ना त्याला," आई हळूच म्हणाली.

"आणि माझ्या भावाने ऑफिसला उपाशी जायचं?"

घासलेट तापलेल्या बर्नरवर सांडलं. भप्पकन जाळ उठला आणि आत्याचा पदर पेटला. ती किंचाळत अंगणात पळाली. पळताना ज्वाळा खांद्यापर्यंत चढत गेल्या.

"वन्सं, पळू नका! खाली पडा!"

तो आवाज आईचा आहे हेच मला आधी कळेना. आत्यासमोर ती कधी मान वर करून बोलत नसे. आत्या थांबली नाही. आईने ओसरीवरची जाड सतरंजी ओढली, धावत जाऊन आत्याला ढकलून पाडलं, सतरंजी तिच्यावर टाकली आणि ती दाबत स्वतः वर आडवी झाली. मी जागच्या जागी थिजले होते. जाळ दिसत होता, पण माझी आई आत्याला धक्का मारते, हेच मला खरं वाटत नव्हतं.

अर्ध्या दाढीचा साबण तसाच तोंडाला, असे वडील धावत आले. "शाई आण, शाई! भाजल्यावर लावायला!"

"स्याही-व्याही कुछ नहीं, भाईसाब," शेजारीण कुंपणावरून ओरडली, "ठंडा पानी डालो, डालते रहो!"

हौदातलं पाणी किती वेळ ओतत होतो कोण जाणे. मग टांग्यातून दवाखाना. तशाच धावत राहिल्या असत्या तर जीव गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आत्या वाचली. डावा हात मात्र कोपरात पुन्हा सरळ झाला नाही. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "तू मला ढकललंस."

आईचा चेहरा उतरला. "हो, वन्सं."

"बरं केलंस गं," म्हणाली आणि आत्या हमसून रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भोपाळला स्टोव्ह आईच पेटवायची, पदर कमरेला घट्ट खोचून. विझला तर पार गार होईपर्यंत झाकणाला हात लावू देत नसे, मग जेवायला कितीही उशीर होवो. पंप मारायला सुरुवात झाली की आत्या उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसे. मीही तिच्या मागोमाग जाई.