एअरबॅगला लावलेला बल्ब

हसायचं असेल तर आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग ठसका लागला म्हणून मला बोल लावू नका. माझ्या मूर्खपणाची ही गोष्ट आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. पण अर्धीच.

मी वीज खात्यातला वायरमन. होतो म्हणा. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली नऊ सुरगाण्याच्या डोंगरात. भर पावसात खांबामागून खांब चालत फॉल्ट शोधलेत मी. रिटायर होऊन नाशकात मुलाकडे आलो आणि कळलं, या घरात आपल्याला कामच नाही. दूध दारात येतं, भाजी मोबाइलवर येते. अहो, विजेचं बिलसुद्धा सून बसल्या जागी भरते.

एकच काम उरलं होतं. नात सई, दुसरीत आहे, तिला गाडीनं शाळेत सोडायचं आणि आणायचं. तेवढ्यासाठी मी रोज सकाळी दाढी करायचो, खोटं कशाला बोलू.

एक दिवस गाडीत एअरबॅगचा दिवा लागला. लागला तो विझेचना.

मुलगा अमोल म्हणाला, "बाबा, हा दिवा लागला म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे. धडक बसली तर बॅग उघडेलच असं नाही. शनिवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेतो. तोवर सईला गाडीतून न्यायचं नाही. व्हॅन लावतोय."

"दोन दिवसांसाठी व्हॅन?"

"महिन्याची लावतोय. बघू पुढं."

बघू पुढं. या दोन शब्दांचा अर्थ रिटायर माणसाला विचारा.

मी ठरवलं, शनिवारच्या आत दिवा विझवायचा. म्हणजे व्हॅनही बंद. गुरुवारी दुपारी अमोल आणि सून ऑफिसला गेलेले. मी पान्हे काढले तशी बायको आलीच.

"अहो, शनिवारी नेतोय ना तो? दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"अकरा हजारांच्या लाइनवर काम केलंय मी. ही बारा व्होल्टची गाडी."

"लाइन बंद करूनच चढायचात ना खांबावर?"

"ही पण बंद करूनच बघणार आहे."

आणि केली की बंद. बॅटरीची वायर काढली, उरलासुरला करंट उतरावा म्हणून नियमाप्रमाणे थांबलोसुद्धा. मोबाइलवर बघून स्टिअरिंगच्या मधला भाग सोडवला. एअरबॅग ती हीच. मागं तिचा पिवळा प्लग.

आता वायर आत तुटली का शाबूत, हे कसं कळणार? वायरमन अशा वेळी काय करतो? बल्ब लावतो. मध्ये बल्ब, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला वायर. पेटला तर वायर शाबूत. मीटरवर माझा कधीच विश्वास नव्हता. गाडीची बॅटरी तर बंद, म्हणून माळ्यावरून स्कूटरची जुनी बॅटरी काढली. म्हणजे बघा, एक सप्लाय नियमानं बंद केला आणि दुसरा स्वतःच्या हातानं उचलून आणला. याला म्हणतात अनुभव.

प्लग मागच्या बाजूला, म्हणून एअरबॅग पार्किंगच्या फरशीवर पालथी ठेवली. खाली पेपर अंथरला, ओरखडे नकोत म्हणून.

तेवढ्यात सई व्हॅनमधून उतरली. "आबा, मी काय करू?"

बरं वाटलं हो मला. म्हटलं, "हा बल्ब धर. पेटला की सांग."

मी वायरचं टोक टेकवलं.

बल्ब पेटला की नाही, मला आजतागायत माहीत नाही. एअरबॅगच्या पोटात दारूसारखं काहीतरी असतं आणि ते पेटायला एका बल्बातून जातो तेवढा करंट पुरतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. डब्याखाली सुतळी बॉम्ब लावल्यासारखी ती उडाली, पार्किंगच्या छताला धडकली आणि येऊन बॉनेटवर आदळली. वॉचमन "सिलिंडर, सिलिंडर" करत गेटबाहेर पळाला, तो थेट चहाच्या टपरीवर सापडला.

इथपर्यंत सोसायटी हसते. मीही हसतो.

पण धूर विरला तेव्हा सई तिथंच उभी होती. हातात बल्ब तसाच, तोंडावर पांढरी पूड. खरचटलंसुद्धा नव्हतं. पण पोरगी रडेना, की हातातला बल्ब सोडेना. मी आपला, "काही नाही झालं गं, सई," म्हणतोय आणि तिच्या तोंडावरची पूड पुसतोय.

अमोल आला. वाटलं, आता आवाज चढवेल. त्यानं छताचा उडालेला गिलावा बघितला, जळका पेपर बघितला, सई कुठं उभी होती ते विचारलं.

"दोन हातांवर होती, बाबा," एवढंच म्हणाला. मग, "तुम्हाला लागलं नाही ना?" आणि वर निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती.

शनिवारी सर्व्हिस सेंटरवाल्यानं बिघाड दहा मिनिटांत शोधला. ड्रायव्हरच्या सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचा एक प्लग असतो, तो सैल झाला होता. मी बसताना सीट हिसका देऊन पुढं ओढतो ना, त्यानं. प्लग दाबला, संपलं. नवी एअरबॅग आणि बॉनेट यांना मात्र आठवडा गेला. सुरगाण्यात नव्या वायरमनना मीच बजावायचो, आधी जोड तपासा, मग बाकीचं.

व्हॅन कायमची झाली. आता माझं काम म्हणजे सईला कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत चालत नेणं. रोज निघताना अमोल तिला बजावतो, "सई, आबांचा हात सोडायचा नाही." ऐकून मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, पोराचा अजून माझ्यावर एवढा तरी भरवसा आहे.

परवा स्टॉपवर व्हॅनला उशीर झाला. शेजारच्या विजेच्या डीपीचं झाकण उघडं लोंबत होतं. सवयच ती, मी नुसतं वाकून बघायला वळलो, तर सईनं दोन्ही हातांनी माझा हात ओढून धरला.

"अगं, सोड. पडत नाहीस तू."

"माझ्यासाठी नाही हो, आबा," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, आबा कशाला हात लावायला गेले तर घट्ट धरून ठेवायचं."