टाकीचं जुनं उत्तर

मोनाली साळवेला एकच काम दोनदा करायचा लहानपणापासून तिटकारा. लासूर स्टेशनच्या शाळेत गुरुजींनी पाढा पुन्हा म्हणायला लावला की "मघाशी म्हटला ना" असं तोंडावर सांगून ती खुशाल अंगठे धरायची. घरी आई, चंपाबाई, भाजीत मीठ घातलंस का म्हणून विचारायची आणि वर चाखून बघ म्हणायची, तेव्हा ही फणकाऱ्यानं म्हणायची, "घातलंय म्हणून सांगितलं की. परत काय चाखायचं?" अशी मुलगी पुढं डायलिसिसच्या कामात पडली, याला काय म्हणावं? त्या कामात दुसरं काही नसतंच. तीच माणसं, त्याच खुर्च्या, आठवड्यातून दोन-तीनदा तेच चार तास. सुई लावा, रक्त मशिनमधून फिरवून धुऊन घ्या, सुई काढा, आणि परवा पुन्हा या.

पण या कामात ती रमली. संभाजीनगरात एका गल्लीतल्या इमारतीत उमा मॅडमचं तीन मशिनचं छोटं सेंटर आहे. मॅडम सकाळी येऊन पेशंट बघतात आणि दुसऱ्या दवाखान्यात जातात. मग दिवसभर सगळं मोनालीच्या जिवावर चालतं. रोज लासूरहून गाडीनं यायचं आणि गाडीनंच जायचं. त्या प्रवासात फोनवरचे व्हिडिओ बघून बघून बाईसाहेब प्रोग्रॅमिंग शिकल्या, आणि ते पण चांगलं शिकल्या.

शिकायला कारण होतं पाणी. डायलिसिसच्या मशिनला स्वच्छ पाणी लागतं, तेही टाक्या भरभरून. आणि नळाचं म्हणाल तर या गावात पाणी कधी येणार हे लग्नाच्या तारखेसारखं आधी विचारून ठेवावं लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी प्लांटमधून गाळून जातं. काही भाग शुद्ध होऊन मशिनला मिळतो, उरलेलं खारट पाणी मागच्या नळीनं बाहेर पडतं. तेही वाया जात नाही. मागं ड्रम ठेवलेत, आणि गल्लीतल्या बाया कळशा-कॅन घेऊन फरशी धुवायला, संडासला ते पाणी नेतात.

तर मोनालीनं एक प्रोग्रॅम लिहिला. टाकीत किती लिटर आहे आणि आज पेशंट किती, एवढं सांगायचं. मग त्यातलं एक फंक्शन प्लांटवरच्या मीटरकडून पाण्यातले क्षार वाचून घ्यायचं, त्या खारटपणामुळं किती पाणी बाहेर जाईल ते काढायचं, कोणाला किती तास बसवायचं याच्या सगळ्या जुळण्या तपासायचं आणि उत्तर द्यायचं: पुरेल किंवा पुरणार नाही. उत्तर चोख असायचं. फक्त मॅडमनी दिलेला जुना कॉम्प्युटर त्यापायी इतका घुरघुरायचा, की तोवर रांगेतली माणसं कंटाळून जायची.

सर्वांत जास्त कंटाळायचे केशवकाका. निवृत्त हेडक्लार्क, एकटे राहणारे, आणि वेळेच्या बाबतीत महाकटकट्या माणूस. चार तास म्हणजे चार तास. पाच मिनिटं आधी सुई काढली तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवून भांडायचे. "अगं, माणूस आधी मरेल, मग तुझं उत्तर येईल," असं ते एकदा भर खोलीत म्हणाले. सगळे हसले आणि मोनालीला ते फार लागलं.

त्याच संध्याकाळी गाडीत तिला उपाय सापडला. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, बस. मग ते आपली उत्तरं लक्षात ठेवतं. तोच प्रश्न पुन्हा आला की पुन्हा हिशोब करत नाही, मागचं उत्तर काढून देतं. मोनालीला ही ओळ इतकी आवडली की ती गाडीत एकटीच हसली. जन्मभर ती लोकांना हेच तर सांगत आली होती. दुसऱ्या दिवसापासून बटण दाबताच उत्तर यायला लागलं, आणि काका म्हणाले, "आता कसं!"

एप्रिलात एका दुपारी हे सगळं तिच्यावर उलटलं.

त्या दिवशी तिन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एकीवर रिक्षावाला इंद्रजीत, दुसरीवर केशवकाका, तिसरीवर देवगाव रंगारीच्या मनकर्णाबाई. मनकर्णाबाईंनी नातीच्या साखरपुड्यासाठी मागची पाळी चुकवली होती, आणि वर तिथं दोन केळी खाल्ली होती. धापा टाकतच त्या जिना चढल्या. रक्तातलं पोटॅशियम इतकं वर गेलं होतं की रिपोर्ट बघून उमा मॅडमनी फोनवर दोनदा बजावलं, "मावशींचे चार तास पूर्ण झालेच पाहिजेत. मध्ये थांबवायचं नाही. हृदय बंद पडेल." मोनालीनं टाकी बघितली, लिटर टाकले, पेशंट तीन टाकले. "पुरेल," क्षणात उत्तर आलं.

काकांचे आणि मनकर्णाबाईंचे दोन तास होत आले आणि ती मागच्या दारात हवा खायला आली. गल्लीतली चतुराबाई तिथं कॅन भरत होती, आणि तिच्यामागं आणखी चौघी. बोळ ओला झाला होता, ड्रम भरून वाहत होते.

"ताई, आज लई पाणी सोडलं तुम्ही," चतुराबाई खुशीत म्हणाली. "दोन खेपा झाल्या, तरी येतंयच. असंच सोडत जावा."

मोनाली हसायला गेली आणि तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. एवढं पाणी बाहेर यायचं काही कारण नव्हतं. तिनं नळीखाली हात धरला आणि बोट जिभेला लावलं. खारट असतंच, पण हे कडूजहर होतं.

ती गच्चीकडं धावली. टाकीवर मूठ आपटली तर वरपासून जवळजवळ तळापर्यंत पोकळ आवाज आला. मग तिला आठवलं. नळाला पाणी यायचं लांबलं म्हणून काल संध्याकाळी तिनं सांडूचा टँकर घेतला होता. बोअरचं पाणी. लिटर तेवढेच, पेशंट तेवढेच. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी प्रश्न तोच. त्यानं मीटरकडं बघितलंच नव्हतं, नळाच्या गोड पाण्याच्या वेळचं उत्तर तिच्या हातात ठेवलं होतं. बघायचं नाही, असं तिनंच त्याला शिकवलं होतं.

आज यायच्या टँकरचं विचारायला तिनं सांडूला फोन लावला.

"निघालोय ताई. रस्त्यात हाय."

"सांडूभाऊ, खरं सांगा."

"टायर बसलाय. तासभर तरी लागंल. जास्तीच लागंल."

कॉम्प्युटरसमोर बसून तिनं ती लाडकी ओळ पुसून टाकली आणि प्रश्न नव्यानं विचारला. कॉम्प्युटर घुरघुरायला लागला. मीटर वाचतोय, पुन्हा वाचतोय, जुळण्या लावतोय. इतकी लांब मिनिटं तिनं कधी काढली नव्हती. काचेपलीकडं मनकर्णाबाईंची छाती वरखाली होत होती. टाकीतून पाणी जात होतं आणि त्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त चतुराबाईच्या कॅनमध्ये पडत होतं. लवकर सांग रे बाबा, असं ती मनात म्हणाली आणि लगेच तिला स्वतःचीच चीड आली.

उत्तर आलं. पाणी एकाच पेशंटचे उरलेले दोन तास पुरे करील.

इंद्रजीतचं सोपं होतं. तो सकाळी सगळ्यांत आधी बसला होता, थोडाच वेळ राहिला होता; "काढा ताई, भाडं बघतो," म्हणून तो उठला. उरले केशवकाका. त्यांचे अजून दोन तास बाकी होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर घड्याळ होतं.

"काका, तुमचं आज इथंच थांबवावं लागंल," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"पाणी एकाचंच उरलंय. मावशींना मध्ये काढता येत नाही."

"आणि मला येतं? माझ्या अंगात साडेतीन किलो पाणी साठलंय. रात्री आडवं झालं की दम लागतो. घरी हाक मारायला कोणी नाही, ठाऊक आहे ना तुला?" त्यांचा आवाज चढला. "सकाळी तुझा कॉम्प्युटर पुरेल म्हणाला होता. मी स्वतः ऐकलं."

टँकर आला नाही, असं म्हणायला काय जात होतं? ते खोटंही नव्हतं. या गावात त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता, आणि शिव्या सांडूला बसल्या असत्या. शब्द तिच्या ओठांवर आलेही होते.

"त्यानं जुनं उत्तर दिलं, काका," ती म्हणाली. "आज पाणी बोअरचं हाय, ते त्यानं बघितलंच नाही. उत्तरं लक्षात ठेवायला मीच लावलं होतं त्याला."

"कशासाठी?"

"लवकर व्हावं म्हणून."

केशवकाकांनी घड्याळाकडची नजर काढून घेतली. लवकर कोणाला हवं होतं, हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या खुर्चीवरून मनकर्णाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "माझं काढ बाई. मी जुनं माणूस. त्येंला राहू दे."

"तुम्ही गप पडून राहा," काका त्यांच्यावर खेकसले. मग खिडकीकडं तोंड वळवून त्यांनी हात पुढं केला. "काढ. हळू काढ, मागच्या वेळी दुखलं होतं."

मोनालीनं हळूच सुई काढली. तिनं मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, काकांसाठी गोळी विचारून घेतली, आणि इंद्रजीतला रात्री त्यांच्याकडं झोपायला जाशील का म्हणून विचारलं. तो बरं म्हणाला. काका कठड्याला धरून जिना उतरले. मनकर्णाबाईंचे चार तास भरले तेव्हा टाकीच्या तळाशी गाळ दिसत होता, आणि त्या झोपेत शांतपणे श्वास घेत होत्या. मोनाली त्यांच्या पायाशी बसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेले तास पुरे करायला केशवकाका पहिल्या नंबरावर हजर होते. पाय इतके सुजले होते की चपला त्यांनी इंद्रजीतच्या हातात दिल्या होत्या आणि अनवाणी आले होते. रात्रभर ते उशीला टेकून बसून राहिले, असं इंद्रजीत म्हणाला. मोनालीला त्यांच्या पायांकडं बघवेना. तिनं गच्चीवर जाऊन सांडूनं रात्री भरलेली टाकी बघितली, खाली येऊन लिटर टाकले आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर पूर्वीसारखा घुरघुरायला लागला. बाकावर माणसं जमा झाली, घड्याळाचा काटा पुढं सरकत राहिला.

"ताई, लई येळ लावतंय आज," कोणीतरी नवखा म्हणाला. "बिघडलं का काय?"

मोनालीनं मान वर केली नाही. उत्तर केशवकाकांनी दिलं. "बिघडलं नाही. मोजतंय ते," ते म्हणाले, आणि सुजलेले पाय बाकाखाली घेऊन वाट बघत बसले.