पाळण्याचा उतार

चाळीस वर्षं लोकांचे गळके नळ दुरुस्त केलेल्या प्लंबर आजोबांनी शेवटी हात टेकले ते तीन महिन्यांच्या नातीपुढे. ठकू दूध प्यायची, गोड हसायची आणि हसता हसता त्यातलं बरंचसं आजोबांच्या खांद्यावर परत करायची.

सून सोमवारपासून कामावर जाणार होती. ठकूला पाळणाघरात ठेवायचं की आजोबांकडे, हे ठरत नव्हतं. आजोबा वरवर म्हणत, "तुमची मर्जी." आतून मात्र जीव टांगणीला लागलेला. निवृत्तीनंतर एवढं मोठं काम कोण सांगणार होतं त्यांना?

म्हणून त्यांनी अक्कल पाजळली. दूध उलटं येतंय म्हणजे उतार चुकलाय. त्यांनी ठकूच्या पाळण्याच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले, वर उतार मोजायची लेव्हलची पट्टी धरली आणि तिच्यातला बुडबुडा मनासारखा सरकल्यावर स्वतःलाच शाबासकी दिली.

थोड्या वेळाने सून पाहते तर ठकू घसरून पायथ्याशी मुटकुळं झालेली, हनुवटी छातीला टेकलेली. तिने तिला झटकन उचललं.

"बाबा, हे ठोकळे कोणी लावले?"

"मीच. एवढा हुशार घरात दुसरा कोण आहे?"

सून हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आजोबांनी नर्सबाईंपुढे आपणहून गुन्हा कबूल केला. बाईंनी ठकूचं वजन केलं. "छान वाढतंय. उलटी हिरवी नाही, रक्त नाही, पिताना तक्रार नाही. तसं काही दिसलं तर लगेच आणा. अन्ननळीच्या खालच्या टोकाची झडप अजून ढिली आहे, एवढंच. बहुतेक बाळांची वर्षभरात घट्ट होते."

"म्हणजे नळासारखा वायसर बदलायला नको?"

"काही बदलायला नको, आजोबा. थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर वीस-तीस मिनिटं उभी धरा. झोपवायची मात्र सपाट, पाठीवर. उशी नको, ठोकळे तर नकोच."

"ऐकलंत ना, बाबा?" सून म्हणाली.

"ऐकलं. 'हात लावू नका' हे गिऱ्हाइकं काम बिघडल्यावर म्हणायची. या बाई निदान आधी म्हणाल्या."

आता सून हसली, पण पाळणाघराचं काही बोलली नाही.

रविवारी संध्याकाळी दूध पाजून झाल्यावर आजोबांनी ठकूला खांद्याशी उभी धरली आणि घड्याळासमोर बसले. काही न करता बसणं हे काम त्यांना कधी जमलं नव्हतं. हात शिवशिवले, पायाला मुंग्या आल्या. पंचविसाव्या मिनिटाला ठकूने खणखणीत ढेकर दिली आणि ठरल्याप्रमाणे सदरा भिजवला. आजोबा हलले नाहीत. अर्धा तास भरल्यावर त्यांनी तिला पाठीवर निजवलं आणि पाळण्याच्या कडेवर पट्टी ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर.

दारातून पाहणारी सून आत आली. तिने धुतलेल्या फडक्यांची चळत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मी उद्या नऊला निघेन, बाबा. ही आठ आहेत."

"आठ पुरतील?"

"नाही पुरणार. पण तुमचे सदरे आहेतच की."

आजोबांनी हत्यारांची पिशवी ओढली, ठोकळे तळाशी टाकले आणि वर एकेक फडकं नीट रचलं.