पडद्याबाहेर धावणारा गडी

ज्या माणसामुळे मला आयर्लंडमध्ये पहिली नोकरी मिळाली, त्याला माझा चेहरा कधीच नीट दिसला नाही. डब्लिनच्या दक्षिणेला, डंड्रममध्ये, आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजोबा राहायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायचे, म्हणजे मग मी त्यांना थोडीफार दिसायचे.

मी २००१च्या शेवटी नवऱ्यामागून तिथे गेले. तो सॉफ्टवेअरमध्ये, त्याला कामाचा परवाना होता. मला फक्त राहायचा. पासपोर्टवर शिक्काच तसा मारला होता: ही बाई इथे राहू शकते, काम करू शकत नाही. नागपूरला मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, तीन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, आणि आता खिडकीत बसून बस मोजत होते. ‘खायला काळ आणि भुईला भार’ असं माझी आई लोकांबद्दल म्हणायची. ते आता आपल्याला लागू पडतंय, असं मला रोज वाटायचं. नवरा समजूत काढायचा, “अगं, आराम कर ना जरा. बदलेल नियम कधीतरी.” असं म्हणाला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे. मला आराम नको होता, काम हवं होतं. आणि नियम बदलेल तेव्हा मी कामाच्या लायकीची उरलेली असेन का, ही भीती वेगळीच. ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

आजोबांशी ओळख झाली ती भांडणातून. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात रविवारी संध्याकाळी सहा वाजले की त्यांचा टीव्ही इतका मोठ्याने लागायचा की आमच्या प्रेसमधल्या कपबशा वाजायच्या. प्रेस म्हणजे तिथलं कपाट. तीन रविवार मी गप्प बसले. चौथ्या रविवारी कणकेच्या हातानेच जाऊन त्यांचं दार वाजवलं आणि मनात तयार करून ठेवलेलं सगळं भाषण त्यांना ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पण दिसत नाही ना, म्हणून ऐकावं लागतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आत ये जरा. त्या डावीकडच्या पोराच्या पाठीवरचा आकडा दिसतो का तुला?”

मी आकडा वाचून दाखवला. मग दुसरा वाचला, मग तिसरा. तासाभराने नवरा मला शोधत आला, तेव्हा मी त्यांच्या सोफ्यावर बसले होते आणि हातावरची कणीक वाळून गेली होती.

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल होता. आजोबांनी शिकागोत तीस वर्षं बस चालवली होती आणि दर शनिवारी तिथल्या शाळेतल्या मुलांना हा खेळ शिकवला होता. त्यांचा एक मित्र व्यावसायिक संघासाठी नवी मुलं हेरायचं काम करायचा, त्याला आजोबा टिपणं लिहून द्यायचे. बायको गेल्यावर आजोबा मायदेशी परतले, मित्रही निवृत्त झाला, पण खोड काही सुटली नाही. दर हंगामात आठेक सामने झाले की दोघं आपापली यादी करून एकमेकांना पोस्टाने पाठवायचे: या वर्षीच्या नव्या रिसीव्हरांपैकी पुढे कोण टिकणार आणि कोण नाही. ज्याची यादी चुकेल त्याने पुढच्या हंगामात पत्र लिहायचं, ‘तुझं बरोबर होतं.’ तेवढं एकच वाक्य, पण ते लिहिणं दोघांच्याही जिवावर यायचं. आता डोळे गेल्यामुळे आजोबांची यादीच बंद पडायची वेळ आली होती.

रिसीव्हर म्हणजे लांब धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा गडी. त्याची वाट आधीच ठरलेली असते. त्या वाटेने पळायचं, मागे लागलेल्याला चकवायचं, नेमक्या जागी वळायचं. असे तीन-चार जण एकाच वेळी धावतात आणि चेंडू एकाकडेच येतो. बाकीच्यांचं धावणं फुकट जातं.

मी क्रिकेटवर वाढलेली. मला वाटलं, यात काय अवघड आहे, किती झेल घेतले ते मोजा आणि मोकळे व्हा.

“झेल कुणालाही मोजता येतात,” आजोबा म्हणाले. “पहिल्या वर्षाच्या पोराकडे चेंडू येतो तरी किती वेळा? चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असताना तो कसा धावतो, ते बघायचं.” आणि हसून म्हणाले, “मला चेंडू दिसतच नाही, त्यामुळे माझी सोयच झाली आहे.”

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी लगेच वही आणून रकाने आखले. रविवारचा सामना आजोबा टेपवर घ्यायचे. सोमवारी सकाळी साडेनऊला मी जायचे आणि टेप पुढे-मागे करत एकेका नव्या गड्याचा प्रत्येक डाव, म्हणजे खेळ सुरू होऊन थांबेपर्यंतची काही सेकंदांची धाव, तपासायचे. पूर्ण जोर लावून धावला का, वेळेवर वळला का, मागे लागलेल्यापासून मोकळा झाला का. या प्रत्येक गोष्टीला एक गुण, नाहीतर शून्य. आजोबा शेजारी बसून विचारायचे, “वळण्याआधी त्याने खाली बघितलं का? पाय आखडले का?” मला आधी काही दिसायचं नाही. दोन महिन्यांनी दिसायला लागलं.

आई फोनवर म्हणाली, “काहून गं, तिथं जाऊन हेच पाहायचं होतं का? शिकली-सवरली पोरगी तू.” तिला कसं सांगणार की सोमवारी मी केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून जात होते. नऊ पस्तीस झाले की आजोबा घड्याळाचा ठोका ऐकल्यासारखे म्हणायचे, “उशीर झाला तुला.” मला उशीर झाल्याबद्दल कुणीतरी बोलतंय, याचं मला किती सुख व्हायचं, ते काम करणाऱ्या माणसाला कळणार नाही. त्या साडेनऊसाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

पहिल्या वर्षीच्या यादीत मी एका पोराच्या नावावर काट मारली. त्याच्या रकान्यांत शून्यंच शून्यं होती. आजोबा जरा घुटमळले. “आवाजावरून काहीतरी वाटतं गं त्याच्यात. समालोचक त्याचं नाव घेताना दम खातो.” मी म्हटलं, आवाजावर यादी होत नाही, आकडे बघा. त्यांनी माझं ऐकलं आणि यादी शिकागोला गेली.

पुढच्या हंगामात तोच पोरगा असा काही खेळायला लागला की समालोचकांना दुसरं नाव सुचेना. आजोबांनी मुकाट्याने ‘तुझं बरोबर होतं’ लिहिलं आणि पाकिटावरचा पत्ता माझ्याकडून घालून घेतला. “दरवर्षी एखादा सुटतोच,” म्हणाले. “युअर मॅन सुटला, एवढंच. इट्स ग्रँड.” कुठल्याही त्रयस्थ माणसाला ते ‘युअर मॅन’ म्हणायचे, जणू तो आपल्याच घरचा, आणि ‘ग्रँड’ म्हणजे तिथे नुसतं ‘ठीक आहे’.

त्यांना ग्रँड वाटलं तरी मला चैन पडेना. मी आदल्या वर्षीच्या टेपा घरी आणल्या आणि तीन दिवस तेवढंच बघत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. एक डाव पुन्हा दाखवताना टीव्हीवाल्यांनी तो मैदानामागच्या उंच कॅमेऱ्यातून दाखवला होता. एरवी कॅमेरा चेंडूमागे असतो. या उंचावरच्या चित्रात मात्र तो पोरगा दिसत होता, पार पुढे, एकटा, आसपास चिटपाखरू नाही, आणि पूर्ण वेगात. तोच डाव माझ्या वहीत काढून बघितला. त्याच्यापुढे तीन शून्यं.

कारण साधं होतं. जो गडी मला पडद्यावर दिसला नाही, त्याला मी शून्य दिलं होतं. आणि पडद्याबाहेर आधी कोण जातो? जो सगळ्यांत वेगाने, सगळ्यांत लांब धावतो तो. सगळ्यांत चांगल्या पोराला मी सगळ्यांत जास्त शून्यं वाटली होती. ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नागपूरला वर्गात घसा कोरडा करून शिकवलं होतं. एकदा एका मुलीला त्यावरून रडवलंही होतं. तिची मनातल्या मनात माफी मागितली.

बरं, चूक एकाच पोरापुरती नव्हती. आणखी तिघांच्या नावांवर मी तशीच काट मारली होती, आणि ते तिघं या वर्षीच्या यादीत होते. यादी दोन दिवसांनी पोस्टात पडायची होती.

आजोबांना वही दिसत नव्हती. मी गुपचूप रकाने बदलले असते, तीन नावं फिरवली असती, तर त्यांना आयुष्यात कळलं नसतं. मी काही संत नाही. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत बारा पावलं होती, तेवढ्यात मी तीनदा ठरवलं की सांगायचं नाही. या माणसाच्या घरी मी आठवड्यातून एक सकाळ कामाची बाई होते, हुशार बाई होते. ते गेलं तर परत खिडकी आणि बस. पण त्यांनी दार उघडलं, माझ्या कानापलीकडे बघत म्हणाले, “आज तर सोमवार नाही,” आणि मी सगळं सांगून टाकलं.

ते बाजूला झाले आणि मला आत घेतलं.

“किती जण?”

“चार.”

“किटली चढव,” ते म्हणाले.

आम्ही दोन दिवस बसून सगळी वही पुन्हा तपासली. जिथे दिसत नव्हतं तिथे शून्य खोडून आडवी रेघ मारली. यादी वेळेत गेली. त्या चुकीबद्दल आजोबा पुन्हा एका शब्दाने बोलले नाहीत. ते विसरले असतील असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

२००४च्या सुरुवातीला नियम बदलला. माझ्यासारख्या बायकांनाही काम करायची मुभा मिळाली, फक्त नोकरी देणाऱ्या कंपनीने परवाना काढायचा. मी अर्ज पाठवत सुटले. बहुतेक ठिकाणांहून उत्तर आलं नाही. शेवटी सँडीफोर्डच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासायचं काम होतं. लुआस ट्राम तेव्हा नुकती सुरू झाली होती, तिने गेले. मुलाखत घेणाऱ्या बाई कॉर्कच्या होत्या, बोलणं गोड आणि प्रश्न धारदार. गणिताचं सगळं नीट झालं. मग त्यांनी विचारलं, “आणि गेली अडीच-तीन वर्षं काय केलंत?”

“घर सांभाळलं,” मी म्हटलं. फुटबॉल बघितला असं सांगायची लाज वाटली.

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, “इथे तुमचं काम पाहिलेल्या कुणा एकाचं तरी पत्र लागेल. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.”

घरी येऊन मी नवऱ्यावरच चिडले. इथे माझं काम कुणी पाहिलंय? तो म्हणाला, “शेजारच्या आजोबांचं नाव दे.” मी म्हटलं, तुला वेड लागलंय. तो म्हणाला, “मग कुणाचं देतेस, पोस्टमनचं?” माझ्याकडे खरंच दुसरं नाव नव्हतं. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, “ग्रँड.” काय लिहिणार ते दाखवायला मात्र साफ नकार दिला.

दोन आठवड्यांनी बाईंनी परत बोलावलं. त्यांच्यासमोर दोन कागद होते. जाड काळ्या मार्करने लिहिलेली मोठाली अक्षरं, ओळी वर चढत गेलेल्या. मी लांबूनच ओळखलं.

“हे गृहस्थ लिहितात,” त्या म्हणाल्या, “की तुम्ही त्यांच्याकडे दोन हंगाम काम केलंत, आणि चार माणसांच्या बाबतीत तुमचा अंदाज साफ चुकला.”

माझं डोकं सणकलं. दोन वर्षं त्यांचं टपाल वाचलं, औषधांच्या बाटल्यांवर मोठे आकडे लिहून चिकटवले, आणि म्हाताऱ्याने नेमकं हेच लिहावं? नोकरी गेली हे मला कळून चुकलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दार उघडलं, आणि माझ्याच माणसाने ते लावून घेतलं. मी पर्स उचलली.

“थांबा, अजून आहे,” बाई म्हणाल्या आणि दुसरा कागद माझ्याकडे फिरवला. त्याच्यावर तीनच ओळी होत्या.

‘चारही चुका तिने स्वतः शोधल्या. त्याच दिवशी येऊन मला सांगितल्या. मला दिसत नाही, हे तिला माहीत होतं.’

मी त्या ओळी दोनदा वाचल्या. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. मी कामावर कधीपासून येऊ शकेन, असं बाईंनी विचारलं होतं, ते मला उशिरा कळलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबून राहिल्या.