आतलं रान

तापावरच्या गोळ्या संपल्या, पण पोट काही ठिकाणावर येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अँटिबायोटिकनं तुमचा गट फ्लोराही गेला. म्हणजे आतड्यात राहणारे चांगले जीवाणू. ते परत वाढू देत. घरचं ताजं दही खा."

रिक्षात बसून मी तो शब्द घोळवत राहिले. फ्लोरा म्हणजे तर एखाद्या मुलखातली झाडंझुडपं. माझ्या आत, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे एक रान माजलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आपण ज्याला 'मी' म्हणतो, त्यात केवढी वस्ती असते! न बोलावता आलेली, निमूटपणे आपलं काम करणारी.

घरी दही नव्हतं. आजारपणात विरजण लावायचं राहून गेलं. आई गेल्यावरही तिचंच दही मी रोज पुढे लावत आले होते, ते आता मोडलं. मला फार चुटपुट लागली. शेवटी वाटी घेऊन खालच्या मजल्यावर सुलभाताईंकडे गेले. त्यांनी वाटीत चमचाभर दही घातलं.

"तुमचं दही किती छान लागतं," मी म्हणाले.

"आमचं कुठलं गं? मी लग्न होऊन इथे आले ना, तेव्हा तुझ्या आईनंच विरजण दिलं होतं. तेच लावतेय अजून."

सकाळी दही घट्ट लागलं होतं. पहिला चमचा ओठांशी नेला आणि मनातल्या मनात म्हणाले, ये आई, आत ये.