दही-साखर कुणी चारली?

"खरं सांगा, दही-साखर कुणी चारली?"

हे मामा पेशंटला कधी विचारायचेच नाहीत. सोबत आलेल्या बाईकडे बघून विचारायचे. पेशंट खोटं बोलतो, बाईच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि दहातल्या एकदोघी हमखास सापडायच्या! तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणूस एवढ्या मोठ्या तपासणीला निघाला, तर घरातली बाई त्याला तसाच पाठवेल का?

मामा आमच्या पेट स्कॅन सेंटरमध्ये वॉर्डबॉय, मी मशीनवरची टेक्निशियन. या तपासणीत साखरेसारखं औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या, म्हणून त्या ते जास्त ओढतात आणि पडद्यावर चमकतात. आधीच पोटात साखर गेली की सगळा घोळ. मग तपासणी दुसऱ्या दिवशी.

सिल्लोडच्या एक आजी एकदा भडकल्या, "चमचाभर साखरेनं काय होतंय रे?"

मामांनी डॉक्टरांचं ऐकलेलं आपल्या भाषेत सांगितलं, "आजी, पोटातलं लेकरू वाढताना अशीच साखर ओढतं. गाठीची भूक बी तसलीच. लेकराला थांबायचं कळतं, हिला नाय."

एवढं शिकून मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं, याचा थोडा रागही आला.

औषध दिल्यावर तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही, कारण वापरलेला स्नायूही ते ओढून चमकतो. आणि त्यावर लक्ष ठेवायला कोण, तर ज्यांचं तोंड मिनिटभर बंद नसे ते! "लई बोलू नका, गळा चमकतो," असं बजावून स्वतःच वेरूळच्या जत्रेची गोष्ट सुरू करायचे. मी काचेवर टकटक करून दमायचे.

मग तो सोमवार. यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि मान वर केली. समोर मामा, अंगात पेशंटचा हिरवा झगा. महिनाभर गिळताना दुखत होतं म्हणे, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही!

"मॅडम, आज माझं नाय होणार," ते खाली बघत म्हणाले. "दही-साखर खाल्ली."

"मामा! तुम्ही?"

"घरी सांगितलं, साहेबांनी परमनंट करायला बोलावलंय. बायको लई खूश झाली. वाटी घेऊन दारात उभी. नाय कसं म्हणू?"

मी रागावले. फार रागावले. दुसरं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उपाशी आले. तासभर चकार शब्द काढला नाही. पडद्यावर गळा चमकला. मी मनाशी म्हटलं, बोलले असतील. मग छाती चमकली. यकृत. कंबरेचं हाड. अरे देवा! रोज हेच बघते मी, पण त्या दिवशी पडद्यावरचं नाव तीनदा तपासलं.

चार महिन्यांत गेले. त्यांच्या जागी भिंतीवर सूचनांची पाटी लागली आहे. ती कुणी वाचत नाही.

परवा त्यांच्या बायको आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"त्या आजाराला साखर लागती म्हणं. माझ्या दही-साखरेनं वाढला का हो त्यो? खरं सांगा."

अगदी मामांचाच सूर.

"नाही हो मावशी. काहीही खा, रक्तात साखर असतेच. तुमच्या चमच्यानं तपासणी फक्त एक दिवस पुढं गेली."

त्या पाटीकडे वळल्या.

"त्याच दिवशी सांजच्याला पेढे घेऊन आले व्हते," त्या म्हणाल्या. "परमनंट झालो म्हणाले. दोघांनी बसून खाल्ले."