हाताची उलटी बाजू

चिखलीत दुकानावर दिव्याची पाटी लावायची तर त्या काळी दोन कागद लागत. एक नगरपालिकेचा. पाटी रस्त्यावर किती पुढे येणार आणि किती उंच टांगणार, ते त्यात लिहिलेलं असे. दुसरा वायरमनचा, तारा तपासल्याचा. त्याशिवाय वीज मंडळ जोड देत नसे. पहिला कागद चपला झिजवल्या की हाती येई. दुसऱ्यावर दयाराम वायरमनची सही लागे, आणि तिथं चपला कामाला येत नसत.

दयाराम मूळचा जानेफळचा. त्यांच्या बौद्ध वस्तीतला पहिला परवानाधारक. परवाना त्यानं चौकटीत बसवून बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगला होता. त्याची तपासायची रीत जगावेगळी होती. टेस्टर लावून झाला तरी तो चपला काढायचा, जमिनीवर तांब्याभर पाणी ओतायचा, त्या ओल्यात उभा राहायचा आणि हाताची उलटी बाजू लोखंडाला टेकवायचा. तळहात टेकवला आणि वीज असली तर मूठ आवळते, मग माणूस सुटत नाही. उलटा हात मागे फेकला जातो. एवढं झाल्यावर सही.

लोक हसत. त्याची बायको अन्नपूर्णा मात्र हसत नसे. "सरकारनं टेस्टर कायले देला मंग?" ती विचारायची. तो हात पुसत दुसरंच काही बोलायचा.

एकाहत्तर सालच्या दसऱ्याला शेषरावांच्या कापड दुकानावर पाटी लागणार होती. अकोल्याहून आणलेली लोखंडी पेटी, पुढे दुधी काच, आत ट्यूबलाइट, लाल अक्षरं. नगरपालिकेच्या परवानगीत दोन महिने गेले होते. पेटी टांगली होती ओट्याच्या लोखंडी खांबाला. पायरी चढणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच खांबाला धरून वर येई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दयारामनं सगळं पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"अर्थिंग नाई, शेषरावजी. पेटीतली तार कुजली तं सारा करंट जमिनीत न जाता खांबात उतरते. इथं पुरुषभर खड्डा करा लागते, कोळसा-मीठ भरून."

शेषरावांनी खाली पाहिलं. ओट्यावर आठ दिवसांपूर्वीच नवी शहाबादी फरशी बसली होती.

"उद्या मुहूर्त हाय, अन् तू फरशी फोडाले सांगून राह्यला? दिवाळीनंतर करू न. आज सही दे."

"नाई जमत."

दुकानात बाजाराची गर्दी होती. शेषराव मोठे सज्जन, पण सज्जनाचाही मुहूर्त चुकायला आला की त्याची जीभ सुटते. ते दयारामच्या कानाशी वाकले.

"बीबी गावचा गिरणीवाला गुलाबराव माहा साडू लागते. त्याच्या कागदावर तं घरी बसूनच सही केली होती न तुनं? मले सारं ठाव हाय. वर कळवलं तं परवाना राहीन का?"

दयारामचा चेहरा उतरला. सहा वर्षं त्यानं हे अन्नपूर्णेलाही सांगितलं नव्हतं. बीबीला पिठाची गिरणी बसली तेव्हा पाऊस लागून राहिला होता आणि रस्ता चिखलाचा. गुलाबरावांनी निरोप धाडला, अर्थिंग पुरलं, फक्त सही पाहिजे. दयारामनं घरीच सही केली. महिनाभरात झुंबरबाई नावाची बाई भिजत दळण घेऊन आली, ओल्या हातानं तिनं गिरणीचं लोखंड धरलं आणि तिथंच गेली. चौकशीत दोष जुन्या मोटारीचा ठरला. दयारामला कोणी बोट लावलं नाही, हीच त्याची शिक्षा झाली. पुरलेलं काही नव्हतंच; नंतर त्यानं स्वतः जाऊन तिथं खड्डा खणला आणि अर्थिंगची पट्टी पुरली. पण मेलेलं माणूस खड्डा खणून परत येत नाही.

तो ओट्याच्या कडेला आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आयका हो. बीबीच्या गिरणीवर झुंबरबाई मेली, त्या कागदावर माही सही होती. म्या जाऊन पाह्यलं नव्हतं. पाह्यलं असतं तं ते जित्ती असती."

खांब धरून एक म्हातारी वर चढत होती, तिनं हात काढून घेतला. शेषरावांची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच अडकली. ते नोकराला म्हणाले, "पहार आन."

नवी फरशी फुटली. दसरा अंधारात गेला. पाटी पेटली ती कोजागरीला. त्याआधी दयारामनं ओल्या जमिनीवर उभं राहून खांबाला हात टेकवला होता.

परवान्याबद्दल कोणी कळवलं नाही. पण बोललेलं बाजारच्या माणसांबरोबर गावोगाव गेलं. दिवाळीनंतर एका सकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

"मी कचरू. बीबीचा. झुंबरचा मालक."

अन्नपूर्णेनं पाणी दिलं. कचरूनं तांब्या हातातच धरून ठेवला.

"लेकीचं लगन हाय," तो म्हणाला. "माय गेल्यापासून पोरगी गिरणीत पाय ठेवत नाई, जात्यावर दयते. पन लगनाचं दोन पोते दयन जात्यावर कसं व्हईन? तुमी चाला."

दयाराम त्याच पावली निघाला.

बीबीला गिरणीच्या भिंतीला पोती टेकवून पोरगी दाराबाहेर थांबली होती. दयारामनं चपला काढल्या, पाणी ओतलं आणि धान्य ओततात त्या लोखंडी तोंडाला हाताची उलटी बाजू टेकवली. गुलाबरावांनी मान खाली घालून बटण दाबलं. पट्टा फिरला, लोखंड थरथरू लागलं. काही झालं नाही. दयारामनं हात मागे घेतला.

कचरू पुढे आला. त्यानं दयारामचं मनगट धरलं, हात उलट्याचा सुलटा केला आणि तळवा लोखंडावर ठेवला.

"असा ठिवा," तो म्हणाला. "तिनं धरलं होतं तसा. दयन सरेपर्यंत काढू नका."

पोरगी आत आली. दोन पोती दळायला दुपार झाली. दयारामनं हात काढला नाही.